घराण्याची हनुवटी

माणसाच्या चेहऱ्याचे सहा आकार असतात, हे मला साठी उलटल्यावर मंचरच्या एका सलूनमध्ये कळलं. अंडाकृती, गोल, चौकोनी, लांबट, बदामी आणि हिऱ्यासारखा. भिंतीवर त्यांचा तक्ता लावला होता. सहाही चौकटींत एकच गोरा गुळगुळीत पुरुष होता, फक्त त्याचा जबडा कुठे ओढलेला, कुठे चेपलेला. असला पुरुष जुन्नर-आंबेगावात मी तरी कधी पाहिला नाही.

मी तेव्हा माहेरी आले होते. माहेर पेठ गावाजवळ, सासर जुन्नरला. धाकट्या भावाच्या बायकोने, म्हणजे माझ्या भावजयीने, मला बळेच गाडीत घातलं. तिच्या मुलाचे, माझ्या भाच्याचे, लग्नासाठी फोटो काढायचे होते आणि त्याआधी त्याला सलूनमध्ये न्यायचं होतं. तिशी ओलांडलेल्या, दोन एकर टोमॅटो एकट्याने काढणाऱ्या मुलाला आई आणि आत्या दाढी करायला घेऊन जातात, हे बघून मला तिथल्या तिथे लाज वाटली. भाच्यालाही वाटत असावी. तो खुर्चीत बसला आणि त्याने डोळे मिटून घेतले.

सलूनवाल्या मुलाने टेप काढली. कपाळ मोजलं, गालाची हाडं मोजली, एका कानाखालून दुसऱ्या कानाखालपर्यंत जबडा मोजला. मग भाच्याला बाजूने उभं केलं आणि नाकाच्या शेंड्यापासून खाली कंगवा उभा धरला. कंगवा आणि हनुवटी यांच्यामध्ये दोन बोटं सहज गेली असती. मुलाने निकाल सांगितला. चेहरा बदामी, त्यात हनुवटी मागे. घाबरायचं कारण नाही, यावर इलाज आहे. दाढी ठेवायची, पण गालावर अगदी बारीक आणि हनुवटीवर लांब, म्हणजे जबडा असल्यासारखा वाटतो. डोक्यावर केस फार उंच करायचे नाहीत, नाहीतर कपाळ मोठं दिसतं. फोटो समोरूनच काढायचा, बाजूने कधीच नाही. कॉलरचा शर्ट घालायचा. मग माझ्याकडे बघून तो म्हणाला, की आत्यांचाही चेहरा बदामीच आहे, त्यांनी मधला भांग सोडून बाजूला पाडावा.

मी त्याला म्हटलं, की माझा भांग आता पाडण्यासारखा उरलेला नाही, तू तुझं काम कर.

किळस आली ती त्या मुलाची नव्हे. त्याचा हात हलका होता आणि तो पोटासाठीच करत होता. किळस आली ती भावजयीच्या तोंडावरच्या समाधानाची. डॉक्टरने गाठ साधी आहे म्हणून सांगितल्यावर माणूस जसा सुस्कारा सोडतो, तसा तिने सोडला. परतताना गाडीत ती मला म्हणाली, "आक्का, वाईट वाटून घेऊ नगा, पण ही तुमच्या घराण्याची देणगी. माझ्या माहेरी कुणाची अशी न्हाई."

ते खरंच आहे. आमच्या घराण्यात हनुवटी नसते. म्हणजे असते, पण खालच्या ओठाखालून ती थेट गळ्याकडे उतरते, मध्ये कुठे थांबत नाही. वडिलांची तशी, थोरल्या भावाची तशी, माझी तशी. धाकट्याचीही तशीच होती, पण चाळिशीनंतर त्याचा गळा असा काही सुटला, की हनुवटी त्यात बुडाली आणि आता तो भरल्या अंगाचा पाटील दिसतो. भाच्याला मात्र ती थोरल्याची म्हणजे थोरल्याचीच आली. जन्मला तेव्हाच सुईण म्हणाली होती, की हा बापाचा नाही, चुलत्याचा मुखडा घेऊन आलाय.

माझी पाहणी होती तेव्हा आईने मला बजावलं होतं, पदराचं टोक उजव्या हातात घे आणि लाजल्यासारखं हनुवटीशी धरून बस. प्रश्न विचारले तरी हात खाली आणायचा नाही. मी तशीच बसले. पाहुण्यांना वाटलं, मुलगी फार लाजाळू आहे. लग्न झाल्यावर चार दिवसांनी नवरा म्हणाला, की आता जेवताना पदर सोडलास तरी चालेल, मी काय परत नेऊन घालणार नाही. तो चांगला माणूस होता. पण त्या दिवशीचा तो पदर मला आजही आठवला की अंगावर पाल पडल्यासारखं होतं. एक धडधाकट मुलगी, नाचणीच्या गोणी उचलणारी, स्वतःच्या तोंडाला फडक्याने झाकून बसली होती.

माझं निदान जमलं. थोरल्याचं, माझ्या दादाचं, जमलंच नाही. तीन-चार ठिकाणी बोलणी झाली आणि मोडली. एका ठिकाणच्या म्हाताऱ्याने तर तोंडावर सांगितलं, की ज्याला हनुवटी नाही तो माणूस शब्दाला पक्का नसतो. दादाने त्यानंतर स्थळं बघणं बंद केलं. हा शब्दाला पक्का नसलेला माणूस पुढे चाळीस वर्षं घरची जमीन बघत राहिला, धाकट्याला शिकवलं, त्याचं लग्न लावलं आणि त्याच्या मुलाला खांद्यावर वाढवलं. भाचा त्याला नाना म्हणायचा. शेत काय, बाजार काय, दोघे एकाच गाडीवर. भाच्याला पोहायला, नांगर धरायला, बैलाचा नाल बघायला नानाने शिकवलं. बापाने काय शिकवलं ते मला विचारू नका.

दादा रोज सकाळी गुळगुळीत दाढी करायचा. भाच्याच्या नव्या दाढीकडे बघून तो एकदाच बोलला होता. "तोंड भाकर खायला असतंय बाबा. त्याला कुंपण कशापायी?" भाचा हसला आणि भावजयीने आत भांडी आपटली.

दाढी मात्र लागू पडली, हे कबूल करायला हवं. आमच्याकडे आता शेतकऱ्याच्या पोराला मुलगी मिळत नाही. नोकरी पाहिजे, पुण्यात फ्लॅट पाहिजे. भावजयीने मध्यस्थ म्हणून एक बाई धरली होती. ती लग्नं जुळवायची आणि फोनवरच असायची. तिने ते समोरून काढलेले, कॉलरवाले फोटो मढ गावाकडच्या एका घरी पाठवले. मुलगी ओतूरच्या एका दवाखान्यात कामाला होती. मंडळी येऊन बघून गेली, मुलगा पसंत पडला, सुपारी फुटली. लग्न दिवाळीनंतरचं ठरलं. भाचा आणि ती मुलगी रोज फोनवर बोलायला लागले. इतक्या वर्षांत मी त्या मुलाला शीळ घालताना ऐकलं नव्हतं, ते त्या महिन्यात ऐकलं. म्हणून माझीही जीभ मी आवरून धरली होती. म्हटलं, दाढी तर दाढी, पोरगं खुश आहे.

आणि मग दादा गेला. दुपारी जेवून ओट्यावर बसला होता, बसल्या जागी मान टाकली. मी जुन्नरहून पोचेपर्यंत त्याला अंगणात घेतलं होतं. अग्नी भाच्याने दिला. दादाला मूलबाळ नव्हतं, पोर म्हणून वाढवलेला हाच, दुसरं कोण देणार?

पुढे जे झालं त्याची शिसारी माझ्या मनातून अजून जात नाही.

ज्यांना आमच्याकडची रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. दहाव्या दिवशी नदीच्या घाटावर दशक्रिया असते. अग्नी देणारा क्रियेला बसतो आणि त्याचं डोकं, दाढी, मिशी सगळं काढतात. भावकीतले बाकीचे पुरुषही डोकी करतात. मग सोयरे येतात आणि ज्याचं डोकं झालं त्याला टोपी घालतात, खांद्यावर टॉवेल देतात. सुपारी फुटली म्हणजे मढकडची मंडळी आता सोयरी झाली होती. ती येणार, आणि मुलीचा बाप भाच्याला टोपी घालणार. समोर उभं राहून, हातभर अंतरावरून.

हे भावजयीच्या लक्षात तिसऱ्याच दिवशी आलं. दादाची राख अजून नदीत नीट वाहून गेली नसेल.

तिने आधी मध्यस्थ बाईला फोन लावला. बाईने फोनवरूनच फर्मान काढलं, की मुलाला तसं दाखवायचं नाही म्हणजे नाही, लग्न एकदा होऊन जाऊ दे. मग धाकट्याला कामाला लावलं. क्रियेला चुलत भावकीतला कुणीतरी बसवायचा, आणि भाच्याला ताप आला म्हणून घरी ठेवायचं. धाकट्याने मान डोलावली. त्याची मान त्या घरात त्याच कामासाठी आहे. कोणी म्हणालं, की आजकाल नुसती बट कापली तरी चालतं. कोणी म्हणालं, पुण्यातली माणसं तर काहीच काढत नाहीत. पिठलं-भाकरी खात खात सुतकातली माणसं मेलेल्या माणसाला सोडून एका जिवंत माणसाच्या हनुवटीचा काथ्याकूट करत होती. मी ताटावरून उठले.

भाचा या बोलण्यात नव्हता. तो गोठ्यात असायचा नाहीतर टोमॅटोच्या रानात. नवव्या दिवशी संध्याकाळी मी त्याला शोधत रानात गेले. तो रोपं बांधायच्या तारा ताणत होता, ज्या ताणायची काही गरज नव्हती. मला बघून तो थांबला. मग म्हणाला, "आत्या, खरं सांग. दाढीबिगर मी लई वाईट दिसतो का?"

मी आयुष्यात बऱ्याच गोष्टींवर चिडले आहे, पण त्या प्रश्नावर जेवढी चिडले तेवढी कशावर नाही. त्याच्यावर नव्हे. ज्यांनी त्याला हा प्रश्न विचारायला लावला त्यांच्यावर. त्यात तो कंगवा आला, तो तक्ता आला, भावजय आली, माझी आई आणि तिने माझ्या हातात दिलेला पदरसुद्धा आला.

"तू दादासारखा दिसतोस," मी म्हटलं. "आता ते वाईट का चांगलं, तुझं तू ठरव."

त्याने मान खाली घातली आणि पुन्हा तार धरली. मी परत आले. त्याने काय ठरवलं ते मला रात्रभर कळलं नाही आणि मी विचारलंही नाही.

दहाव्याच्या सकाळी आम्ही बायका घाटाकडे निघालो. फाट्यावर, पुणे-नाशिक रस्त्याला लागून, मोठा फ्लेक्स लावला होता. आमच्या भागात माणूस मेला की फ्लेक्स लागतोच, त्याचं काही नाही. वर भावपूर्ण श्रद्धांजली, खाली शोकाकुल म्हणून पन्नास तोंडं, त्यात पुढाऱ्यांची तोंडं मेलेल्यापेक्षा मोठी. शोकाकुलांच्या पहिल्या ओळीत भाचा दाढी आणि काळा गॉगल लावून दुःख करत होता. आणि मधोमध एक माणूस होता. गोरापान, अंगात पांढरा सदरा आणि वर निळं जाकीट, खाली चौकोनी भक्कम जबडा.

मी हात जोडले आणि ते तसेच राहिले. मला वाटलं, दुसऱ्या कुणाचा तरी फ्लेक्स आहे. मग खाली दादाचं नाव वाचलं.

शेजारची एक म्हातारी, जी दादाला साठ वर्षं ओळखत होती, फ्लेक्सकडे बघून मला म्हणाली, "हे कुणाचं म्हणायचं गं?"

मी भावजयीकडे बघितलं. ती म्हणाली, की फ्लेक्सवाल्यानेच जरा भरून दिलंय. मी तशीच बघत राहिले तेव्हा आवाज खाली आणून तिने खरं सांगितलं. "त्यांची माणसं येणार व्हती. भावजींचं त्वांड बघून त्यांच्या ध्यानात आलं असतं, घराण्यातच हाय म्हणून. मग उद्या पोरांचं बी तसंच व्हईल म्हणतील. मेलेल्या माणसाला काय फरक पडतो आक्का?"

मेल्यावर माणसाचे दागिने काढून घेतात, हे मी पाहिलं आहे. अंगठा उठवून घेतात, हे ऐकलं आहे. पण मेलेल्या माणसाचं तोंड काढून घेऊन त्याच्या जागी दुसरं बसवतात, तेही सोयऱ्यांना बरं दिसावं म्हणून, हे मी त्या दिवशी पाहिलं. थुंकावंसं वाटलं. रस्त्यावर माणसं होती म्हणून गिळलं. हनुवटी नाही म्हणून ज्याला कुणी मुलगी दिली नाही, त्याला घरच्यांनी मेल्यावर हनुवटी दिली.

घाटावर मंडप भरला होता. प्रवचनकार आत्मा अमर असल्याचं सांगत होते. मग भाषणं सुरू झाली. एका पुढाऱ्याने दादाची आणि आपली जवळीक सांगितली आणि दोनदा त्याचं नाव चुकवलं. दुसऱ्याने धरणाच्या पाण्याचा विषय काढला, कारण निवडणूक जवळ होती. मी बायकांच्या रांगेत बसून एकाच गोष्टीकडे डोळे लावले होते. खाली पायऱ्यांवर भटजी बसले होते आणि त्यांच्यासमोर पाट रिकामा होता. ज्याला बसवायचं ठरलं होतं तो चुलत भावकीतला मुलगा शेजारी बनियनवर उभा होता.

भाचा घरून चालत आला. ताप आलेला माणूस येतो तसा अजिबात नाही. त्याने शर्ट काढून पायरीवर ठेवला, पाटावर बसला आणि केस कापणाऱ्याला म्हणाला, "काढा." केस कापणाऱ्याने धाकट्याकडे बघितलं. त्यालाही सगळं ठाऊक असणार, गावाला सगळं ठाऊक असतं. "त्यांच्याकडं काय बघता," भाचा म्हणाला. "अग्नी मी दिलाय. सगळं काढा."

भावजयीच्या तोंडून आवाज आला तो रडण्याचा होता, पण दादासाठी नव्हता. मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. जरा जोरातच धरला असेन.

पिंडाला कावळा लगेच शिवला. त्याला कुणाच्या दाढीशी घेणंदेणं नव्हतं.

क्रिया आटोपून भाचा अंघोळ करून वर आला तेव्हा मी उभी राहिले. दादा येत होता. तिशीतला दादा, ओला, नुसतं धोतर गुंडाळलेला, डोकं तासलेलं, आणि ओठाखालून थेट गळ्यात उतरलेला तो चेहरा. म्हातारी शेजारीण माझ्या कानाशी म्हणाली, की बाई, हा तर तुझा भाऊच. फ्लेक्सवर जो ओळखला नाही तो तिने तिथे ओळखला.

मग सोयरे टोपी घालायला पुढे झाले. मढकडची मंडळी दोन जीप भरून आली होती. मुलीचा बाप हातात टोपी-टॉवेल घेऊन रांगेतून आला, भाच्यासमोर थांबला आणि त्याच्या खांद्यावरून मागे बघू लागला. मग त्याने त्यालाच विचारलं, "आमचे जावई कुठं हायेत?"

"मीच की," भाचा म्हणाला.

बापाच्या डोळ्यांनी भाच्याच्या तोंडाचा खालचा भाग चाचपला, अगदी सलूनवाल्याच्या टेपसारखा, इकडून तिकडे. मग त्याने टोपी घातली. ती तिरकी बसली आणि त्याने ती सरळ केली नाही.

जेवणाच्या पंगतीत तो धाकट्याशेजारी बसला होता, मी वाढत होते. मंडपाच्या खांबाला तसाच दुसरा फ्लेक्स बांधला होता, त्याकडे बघत तो म्हणाला, "थोरले पावणं काय रुबाबदार माणूस व्हते वो. चेहऱ्यावरच कळतंय. पोरानं त्यातलं काईच उचललं न्हाई."

धाकट्याने भात कालवला. माझ्या हातात आमटीची बादली होती. ती त्याच्या डोक्यावर ओतावी, का धाकट्याच्या, हे मला ठरवता येईना. एवढ्यासाठी केलं होतं सगळं. दादाचं खरं तोंड तिथे लावलं असतं, तर त्या माणसाला निदान एवढं कळलं असतं, की पोराने चुलत्याचं सगळंच उचललं आहे. तोंडही आणि बाकीचंही. पण मी तरी काय सांगणार? फ्लेक्स खोटा आहे म्हणून? दादाच्या दहाव्याला, भर पंगतीत, आमचंच खोटं? मी पुढच्या पानावर आमटी वाढली. त्या गप्प राहण्याने मला स्वतःचीही इतरांइतकीच किळस वाटली.

चार-पाच दिवसांत मध्यस्थ बाईचा फोन आला. मोडलं. त्यांचं म्हणणं, फोटोत एक आणि समोर एक. ज्यांनी तोंड झाकलं ते आणखी काय काय झाकत असतील. यावर रागवावं तर ते खोटं नव्हतं. मुलीला कुणी विचारलं होतं की नाही, ते कळलं नाही. भाच्याने तिला फोन लावून बघितला, तो लागला नाही. त्याने परत लावला नाही. शीळ बंद झाली.

भावजयीने मला सुनावलं, की तुम्हीच त्याचे कान भरले. मी म्हटलं, भरले. मग तिने दुसरं काम काढलं. फ्लेक्सवरचा तो जाकीटवाला चेहरा फ्रेम करून आणला आणि हार घालून पुढच्या खोलीत लावला. मध्यस्थ बाईनेच सुचवलं होतं, की पुढचे पाहुणे येतील तेव्हा घराण्याचा माणूस भिंतीवर दिसायला हवा. मी म्हटलं, हा काढा आणि खरा लावा. तेव्हा कळलं, की खरा कुणाजवळ नाही. मूळ फोटो धाकट्याच्या फोनमध्ये होता, त्याने जागा करायला तो पुसून टाकला होता. आधार कार्डावर नुसता काळा डाग आहे. माझ्या लग्नाच्या फोटोंत दादा नाही, तो पंगतीत वाढत होता. दादा कधी फोटोला उभाच राहिला नाही. का राहिला नाही, हे मला तेव्हा कुठे उमगलं.

मी जुन्नरला परत गेले आणि काही ना काही निमित्त काढून दर आठवड्याला माहेरी जायला लागले. धाकट्याला वाटलं, आक्काला दुःख आवरत नाही. ते होतंच, पण मी भाच्याला बघायला जात होते. तो रानातून यायचा, ओट्यावर बसायचा, भाकरी मोडायचा, आणि मी समोर बसून बघत राहायचे. माझ्या भावाचा तेवढाच एक फोटो घरात उरला होता, आणि तो चालत-बोलत होता.

पण केस वाढतात. भावजयीने मंचरहून दाढीचं तेल आणलं होतं. नवं स्थळ येणार होतं, खेडकडचं. पहिल्या आठवड्यात गालावर सावली आली. मग हनुवटीवर. आई बाटली पुढे करायची आणि भाचा तळहात पुढे करायचा. मी त्याला दोष देत नाही. तिशी ओलांडलेल्या माणसाला घर पाहिजे, बायको पाहिजे, आणि तो फक्त नानाचा पुतण्या म्हणून जन्म काढू शकत नाही. मी दोष देत नाही, पण ते तेल लावताना बघवत नव्हतं. मी उठून गोठ्यात जायचे.

गेल्या वेळी गेले तेव्हा तो ओट्यावर एकटाच होता. खालच्या ओठापासून गळ्यापर्यंतची ती रेघ अजून अर्धीमुर्धी दिसत होती, उजेड बाजूने आला की. मी चप्पल काढायची विसरून तशीच उभी राहिले. त्याच्या लक्षात आलं. त्याने तोंड माझ्याकडे वळवलं नाही, उलट बाजूला वळवलं, नीट दिसावं म्हणून, आणि तसाच बसून राहिला.

"बघून घे आत्या," तो म्हणाला. "पुढल्या हप्त्याला झाकून जाईल."